टपालवालीचे बूट

बुटांचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती, आणि त्याच इमारतीत दोघी जावा पुन्हा बूटच शिवत होत्या. फरक एवढाच, की आता ते बूट करंगळीच्या पेरापेक्षा मोठे नव्हते.

दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. दोन भावांच्या बायका म्हणून घरात पडलेली ही नावं कारखान्यात गेली, आणि कारखाना मेला तरी नावं जगली. थोरली पंचावन्नची, अंगानं काटक, बोलायला फटकळ. धाकटी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. थोरलीनं तिला हाताला धरून कारखान्यात नेलं, शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पहिल्या महिन्यात तिचे टाके इतक्यांदा उसवायला लावले, की धाकटी संडासात जाऊन रडायची. "रडून झालं की ये गं," थोरली दाराबाहेरून सांगायची, "कातडं वाट बघतंय." त्यात धाकटी डावखुरी. थोरलीनं तिच्यासाठी सगळं उलटं करून बघितलं, स्वतः डाव्या हातात सुई धरून बोटं भोसकून घेतली, आणि मग शिकवलं. त्या दोन महिन्यांत धाकटीच्या हाताला जे वळण लागलं, ते कायमचं.

कारखाना बंद पडला त्याच्या आधीच थोरलीचा नवरा गेला होता. तळ चिकटवायच्या खात्यात वीस वर्षं काढून त्याची छाती पोखरली होती. मागोमाग नोकरी गेली आणि थोरली घरात बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. तीन वर्षं ती खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघायची आणि विचारलं तर म्हणायची, "काही नाही, लोकांची पायताणं बघते. सगळी मशीनवरची." धाकटी डबा घेऊन जायची तेव्हा आदल्या दिवशीचा डबा बहुतेकदा तसाच असायचा.

मग बाहुल्यांचे चित्रपट करणारा स्टुडिओ आला. नगरपालिकेनं कारखान्याची इमारत त्यांना जवळजवळ फुकटात दिली. अट एकच, की निम्मी माणसं गावातली हवीत. सरकारी कागदांत त्याला सर्जनशील उद्योग म्हणत. थोरली म्हणायची, बाहुल्यांचा कारखाना. तिथं वीतभर उंचीची बाहुली केसभर हलवून फोटो काढायचे, पुन्हा केसभर हलवून पुन्हा फोटो काढायचे, आणि असे फोटो भराभर पळवले की बाहुली चालायला लागायची. दिवसभर राबून पडद्यावर जेमतेम चार सेकंद व्हायचे.

मुलाखतीला दिग्दर्शक बाईंनी एक अनवाणी बाहुली थोरलीसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "हिला बूट हवेत."

थोरलीनं बाहुली हातात घेऊन उलटीपालटी केली. "कुठं जायचंय हिला?"

"टपाल वाटायला. डोंगरातल्या गावांमधून."

"मग टाच बुटकी हवी, आणि घोट्यापर्यंत कातडं. नाहीतर तिसऱ्या घराला पाय मुरगळेल."

बाईंनी पुढं काही विचारलंच नाही. थोरलीला कामगार म्हणून पहिला नंबर मिळाला, आठवड्याभरानं धाकटीला नववा. जिनं शिवली तिच्या नंबरची चिकटपट्टी प्रत्येक जोडीच्या तळाला लागायची. शिवणखोलीत आणखी दोन पोरी आल्या आणि थोरली त्यांची मुख्य झाली. हळूहळू गाव जागं झालं. फाटकासमोर दोन चहाची दुकानं उघडली. भाड्यानं कुणी घेत नव्हतं त्या खोल्यांमध्ये बाहेरगावचे कॅमेरावाले राहायला आले. जुना सुतार बाहुल्यांच्या खुर्च्या करायला लागला आणि जो तो त्याला विचारायला लागला, की तुझ्या बायकोला बसायला कधी करणार. नगरपालिकेनं बसस्टँडवर थोरलीचा भला मोठा फोटो लावला. बोटाच्या टोकावर इवलासा बूट, आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे हात, आमचं भविष्य'. थोरलीनं तो पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या खर्चानं माझं नाक दाखवलंय. बुटाला कोण बघतंय?" पण त्या दिवशी ती मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, बसस्टँडवरूनच घरी गेली.

डोळ्यांचं लक्षात आलं ते तिसऱ्या वर्षी. थोरली दोऱ्यांच्या डब्यात हात घालून चेष्टेनं विचारायची, "सांग बघू, यातला तपकिरी कुठला?" धाकटीला आधी वाटलं, परीक्षा घेतेय. मग एकदा तिनं मुद्दाम हिरवा उचलून दाखवला, आणि थोरली "शाब्बास" म्हणाली.

डॉक्टरांनी दोन तास थांबवून ठेवून सांगितलं, की बुबुळामागचा पडदा मधोमध झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर वेग कमी होईल, थांबेल असं नाही. औषधाचा भार नोकरीच्या विम्यावर होता, म्हणून तेवढं बरं.

"म्हणजे समोरच्याकडे बघितलं की मला त्याचे कान दिसणार, तोंड नाही," थोरली बाहेर येऊन म्हणाली. "बरंच आहे. आपल्या गावातली निम्मी तोंडं बघण्यासारखी नाहीतच." मग बसमध्ये चढताना तिनं धाकटीचं मनगट धरलं, चांगलं दुखेल असं. "स्टुडिओत एक अक्षर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. माझी बोटं शाबूत आहेत. मी डोळ्यांनी कधी शिवलं होतं?"

धाकटीनं अक्षर काढलं नाही. पण पंधरवड्यानं एका सकाळी ती थोरलीनं आदल्या संध्याकाळी पूर्ण केलेली जोडी बाहुल्यांच्या खोलीत द्यायला निघाली, आणि उगाच भिंगाखाली धरून बघितली. टाके नागमोडी गेले होते. एका जागी सुई कातड्याच्या अगदी काठावरून उतरली होती. साध्या नजरेला ते कळलं नसतं, पण पडद्यावर हाच बूट माणसाएवढा होणार होता.

ती जोडी हातात घेऊन धाकटी बराच वेळ उभी राहिली. सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं तर काय, तेही दिसत होतं: खिडकी, खुर्ची, तसाच राहिलेला डबा. पोरी यायला अजून पाऊण तास होता. तिनं बारीक सुरीनं टाके उसवले, त्याच भोकांच्या शेजारून सरळ रेघेत पुन्हा शिवले, एक नंबरची चिकटपट्टी परत लावली आणि जोडी देऊन आली. आजच्यापुरतं, असं तिनं स्वतःला बजावलं.

असे आठ महिने गेले. धाकटी रोज सगळ्यांच्या आधी यायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "तिथं कोंबड्यासारखी आरवायची नोकरी धरलीस का?" ती हसून निघून गेली. थोरली आपल्या ऐटीत होती. कापायचं, साच्यावर ताणायचं, ही कामं ती खरोखरच बोटांनी अचूक करायची, आणि टाकेही तसेच पडतायत असं तिला वाटत होतं. सगळ्यांच्या जोड्यांची शेवटची तपासणीही तिचीच. तिच्यावर कोण तपासणी करणार?

एक गोष्ट मात्र धाकटीनं नवऱ्यालाही कधी सांगितली नसती. दिग्दर्शक बाई शिवणखोलीत येऊन म्हणायच्या, "थोरल्या ताईंच्या टाक्याला तोड नाही," तेव्हा थोरली मान ताठ करायची आणि धाकटीच्या पोटात काहीतरी गोड कळवळायचं. इतक्या वर्षांत थोरलीनं तिला 'बरं जमलंय' याच्या पुढं कधी काही म्हटलं नव्हतं. आता ती स्तुती खरं तर आपली आहे, आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, याची तिला चटक लागली होती.

मग तिच्या नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. गोदामात खोकं उचलताना तो वाकला तो सरळच होईना. दोन दिवस धाकटीला घर सोडता आलं नाही. तिनं शिवणखोलीत निरोप पाठवला, की नव्या जोड्या मी आल्यावरच देऊ. पण त्याच दिवशी चित्रीकरण चालू असताना टपालवालीच्या बाहुलीचा खांदा निखळला, ताबडतोब दुसरी बाहुली हवी झाली, आणि तिला बूट हवे झाले. थोरलीनं आपली ताजी जोडी काढून पोरीच्या हाती पाठवून दिली. परतल्यावर धाकटीला हे कळलं तेव्हा बाहुली उभी राहून चित्रीकरण पुढं गेलं होतं. तिनं मनाची समजूत घातली, की एखादी जोडी बरी जमलीही असेल.

तीन आठवड्यांनी एका सकाळी सगळ्यांना खालच्या छोट्या थिएटरात बोलावलं. तयार झालेला प्रसंग पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. टपालवाली डोंगर उतरून एका घराशी येते, दार लोटते, आत पाऊल टाकते. पाऊल आत पडलं आणि बूट बदलला. उंबऱ्याबाहेर तपकिरी दोऱ्याचे सरळ टाके होते, आत आल्यावर हिरव्या दोऱ्याचे, दारू प्यायल्यासारखे. कॅमेरा नेमका पायांवरच होता. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हा हिरवा दोरा कुठून आला?" म्हणत दिग्दर्शक बाईंनी तीनदा तेवढाच तुकडा चालवायला लावला. दाराच्या आतलं सगळं पुन्हा करावं लागणार होतं. आणि घराचा देखावा मोडून त्या लाकडातून पूल तयार झाला होता.

व्यवस्थापक सावकाश बोलणारा माणूस होता. रागावला की आणखी सावकाश बोलायचा. त्यानं बाहुलीच्या पायातून काढलेली जोडी चहाच्या बशीत घालून आणली. "तळाला नंबर आहे," तो म्हणाला. "नऊ."

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. क्षणभर तिला काही उमगेना. त्या जोडीला तिचा हातही लागला नव्हता. मग तिला चिकटपट्ट्यांचा डबा आठवला. एक नंबरच्या आणि नऊ नंबरच्या पट्ट्या शेजारी शेजारी होत्या, आणि एकाच्या आणि नवाच्या आकारात फरक तो केवढा! थोरलीनं चाचपून काढली ती चुकीची निघाली. आणि आता नऊ ऐकून थोरलीला वाटलं असणार, की पोरीनं तिची सोडून धाकटीचीच जोडी नेली.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून थोरली उठली.

"काय गं हे?" तिचा आवाज थिएटरभर गेला. "बावीस वर्षं शिकवलं ती ही अक्कल? दोऱ्याचा रंग कळत नाही तुला? नवरा आजारी होता तर सांगायचं होतंस, मी केली असती तुझी जोडी. इतक्या लोकांची मेहनत मातीत घातलीस. आणि माझ्या खोलीचं नाव घालवलंस ते वेगळंच."

धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं. एका वाक्यानं सगळं उलटलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही. थोरली बोलत होती तिच्याकडे तोंड करून, पण तिचे डोळे जरा बाजूला, धाकटीच्या खांद्यापलीकडे बघत होते. कडेनं दिसावी म्हणून.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली.

व्यवस्थापकानं तिला आपल्या खोलीत नेलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या मागं त्याची घाई होती. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची समिती येणार होती. इमारतीचा करार पुढं चालू ठेवायचा की नाही हे ती ठरवणार, आणि पहिली गोष्ट ती बघणार गावातल्या माणसांचा आकडा. "त्यामुळं तुम्हाला काढता येत नाही," तो म्हणाला, जणू तीच अडचण होती. "चूक कबूल केल्याचं लिहून द्या. शिवणखोलीऐवजी साफसफाईत घेतो. आकडा तोच राहील."

धाकटीनं पेन उचललं तेव्हा दार न वाजवता थोरली आत आली. तिचा राग उतरला होता. आता तिच्या चेहऱ्यावर निराळंच काहीतरी होतं, गणित चुकल्यावर मास्तराच्या तोंडावर दिसतं तसं.

"सही नंतर," ती म्हणाली. "आधी ती जोडी द्या मला. शिकवणारी मी होते. कुठं चुकलं ते मला कळायला हवं."

व्यवस्थापकानं बशी पुढं सरकवली.

"राहू द्या ना ताई," धाकटी म्हणाली. "झालं ते झालं."

थोरलीनं ऐकलं नाही. तिनं डावा बूट चिमटीत धरला आणि उजव्या अंगठ्याचं नख टाक्यांवरून फिरवत नेलं, एकेक टाका मोजत. नख टाचेपाशी पोचलं, जिथं दोरा आत घेऊन गाठ मारलेली असते, आणि थांबलं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं. पुन्हा तिथंच थांबलं.

"ही गाठ उजवीकडे झुकलेली आहे," ती म्हणाली.

 बाहेर सुताराची करवत चालू होती.

"ही उजव्या हाताची गाठ आहे," थोरली पुन्हा म्हणाली, या खेपेला धाकटीला. "तू डावखुरी आहेस."

"नंबर नऊच आहे, ताई," व्यवस्थापक म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुमचा नंबर! ही माझी जोडी आहे."

"ताई, माझीच आहे," धाकटी घाईनं म्हणाली. "मी त्या दिवशी उजव्या हातानं..."

"खोटं बोलू नकोस. तुला उजव्या हातानं चमचा धरता येत नाही."

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं, असं धाकटीला पुढं कितीदा वाटलं. एक जोडी बिघडली, वय झालं, डोळे थकले, एवढ्यावर निभावलं असतं. पण थोरलीला तिच्याच हाताच्या दोन टाक्यांमधला फरक समजून घ्यायचा होता. "माझ्या आधीच्या जोड्या अशा नव्हत्या," ती स्वतःशीच पुटपुटली. "या एकीलाच काय झालं?" आणि ती शिवणखोलीकडे चालू लागली. धाकटी मागं धावली. व्यवस्थापकही निघाला.

वापरून झालेल्या जोड्या शिवणखोलीतल्या चपट्या खणांमध्ये ठेवत, नंबरवार. सगळ्यात वरचा खण एक नंबरच्या अलीकडच्या जोड्यांचा. थोरलीनं तो बाहेर ओढला, टेबलावर ठेवला आणि पहिला बूट उचलला. नख टाक्यांवरून टाचेपर्यंत गेलं. तिनं तो खाली ठेवला. दुसरा घेतला. तिसरा. दोन्ही पोरी सुया हातात धरून बघत राहिल्या. चौथा, पाचवा. दर वेळी नख टाचेशी थांबायचं, बोट गाठीवरून डावीकडे घसरायचं, आणि बूट आधीच्या शेजारी ठेवला जायचा, नीट, जोडीला जोडी लावून. तिचा हात भराभर चालत होता, आणि चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. धाकटीला वाटलं, आपण पुढं होऊन खण ओढून घ्यावा, तिच्या हातांवर हात ठेवावेत. पण पाय उचलला नाही.

सतराव्या जोडीनंतर थोरलीनं हात मागं घेतले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ताई, बसा आधी."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"यातली एकही माझी?"

धाकटीनं मान हलवली, आणि मग लक्षात आलं, की ते तिला दिसलं नसणार. "नाही," ती म्हणाली.

थोरलीनं टेबलाची कड धरली. "आठ महिने मी रोज इथं येऊन बसले," ती हळू म्हणाली, "आणि ही टपालवाली माझ्या बुटात एक पाऊलसुद्धा चालली नाही." मग ती आपली पिशवी घेऊन निघून गेली. जाताना दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटला. कुणीतरी पुढं आलं, तसा तिनं हात झटकला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक बाई स्वतः तिच्या घरी गेल्या, धाकटीला बरोबर घेऊन. थोरली खिडकीपाशी नव्हती; दारातच उभी होती, जणू वाट बघत. बाईंनी मनापासून सांगितलं, की तुम्ही हव्या आहात. स्टुडिओ बघायला शाळांच्या सहली येतात, पाहुणे येतात. दर्शनी दालनात तुम्हाला जागा करू. साच्यावर कातडं ताणून दाखवायचं, लोकांशी बोलायचं. पगार तोच, विमा तोच.

"शिवायचं नाही?" थोरलीनं विचारलं.

"शिवत असल्यासारखं दाखवलं तरी चालेल."

"त्यापेक्षा मला त्या दोन पोरी द्या. रोज एक तास. साच्यावर कातडं कसं बसतं ते मी त्यांना बोटांनी शिकवते. त्या अजून डोळ्यांनीच शिवतात."

बाईंचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे पदच नव्हतं. पोरींचे तास चित्रपटाच्या खात्यात धरलेले होते. आता तर मागचं कामही साचलं होतं. "समिती येऊन गेली की बघू," त्या म्हणाल्या.

थोरली दर्शनी दालनात बसायला लागली. दारातून येणाऱ्या पहिल्या माणसाला दिसेल असं टेबल, वर दिवा, मागं बसस्टँडवरचाच फोटो. शाळेतली मुलं यायची आणि विचारायची, "आजी, हे खरंच तुम्ही केलंत?" पहिले काही दिवस ती "हो" म्हणायची. मग म्हणायला लागली, "माझ्या जावेनं केलंय. ती आत बसते." व्यवस्थापकानं तिला सौम्यपणे सुचवलं, की मुलांना एवढं तपशिलात सांगायची गरज नाही.

समिती आली. पाच माणसं, पायांत चकचकीत बूट. त्यांनी थोरलीबरोबर फोटो काढून घेतला. त्यांच्यातल्या एका बाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की तुमच्यासारख्यांमुळंच छोटी गावं उभी राहतात. थोरली म्हणाली, "मी तर बसूनच असते." सगळे हसले. आकडा बरोबर भरला आणि करार आणखी दोन वर्षांनी वाढला.

त्याच शुक्रवारी थोरलीनं नोकरी सोडली.

धाकटी शिवणखोलीतच राहिली होती. इतकंच नव्हे, आता मुख्य तीच होती. बातमी कळली तशी ती दुपारच्या सुट्टीत धावत थोरलीच्या घरी गेली. महिनाभर थोरली तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. तरी धाकटीनं सगळं एका दमात सांगितलं. विमा जाईल, मग इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात घ्यावी लागतील, तिथं सहा-सहा तास रांग, आणखी दोन वर्षं नुसतं बसून काढली असती तर काय बिघडलं असतं.

"तुझ्या दयेवर आठ महिने काढले, ते माहीत नसताना," थोरली म्हणाली. "आता माहीत असून लोकांच्या दयेवर दोन वर्षं कशी काढू?"

"दया नव्हती ती."

"मग काय होतं?"

धाकटीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. माया, असं ती म्हणणार होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण दिग्दर्शक बाईंच्या स्तुतीनं पोटात कळवळणारं ते गोड काहीतरी तिला आठवलं, आणि तिनं तोंड मिटलं. थोरली कान देऊन थांबली. 

"जा," मग ती म्हणाली. "सुट्टी संपत आली असेल तुझी."

सरकारी दवाखान्यात दर महिन्याला धाकटीच तिला घेऊन जायची. रजा टाकून जायची, आणि थोरलीही नको म्हणायची नाही. नको म्हणण्यासारखी तिची स्थिती राहिली नव्हती. बाकावर दोघी शेजारी बसायच्या. समोर नंबर पुकारणारा शिपाई, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं, भिंतीला टेकवलेल्या काठ्या. बोलणं असं व्हायचं नाही. पिशवी धर, पाणी दे, तेवढंच.

टपालवालीचा चित्रपट पूर्ण झाला त्या महिन्यात, अशाच एका सकाळी, थोरलीनं आपणहून विचारलं, "पुढचा कुठला काढतायत?"

धाकटी जरा दचकलीच. "पक्ष्यांचा आहे म्हणे. सगळे पक्षीच."

"माणूस एकही नाही?"

"एकही नाही."

थोरलीनं यावर विचार केला. "मग बूट?"

"पक्ष्यांना कुठले बूट, ताई. पिसं चिकटवायचं काम आहे. एकेक करून, चिमट्यानं. आम्हा तिघींपैकी दोघींनाच घेणार म्हणतात. बाकीचं यंत्रावर कापून येणार."

"तुला घेतलं?"

"अजून सांगितलं नाही."

"पिसं," थोरली म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "कातड्याची कारागीर करायला मी तुझी बोटं सोलून काढली, आणि आता तू कोंबड्या सजवणार."

धाकटीला हसू फुटलं, आवरता आवरेना. थोरलीही हसली, खांदे हलवत, आवाज न करता. बाकावरची माणसं बघायला लागली. हसता हसता धाकटीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोरलीनं तो काढला नाही. पण तिचं हसू आधी थांबलं.

"मी रागावलेली आहे अजून," ती म्हणाली.

"माहीत आहे."

शिपायानं नंबर पुकारला. थोरली उठली, पिशवी धाकटीच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीला हात लावत, मान किंचित तिरपी करून आतल्या दाराकडे चालू लागली. धाकटी अर्धवट उठली होती, ती पुन्हा बसली.